दर्शनी बाजू

कोल्हापूरचा न्यू पॅलेस बघायला आलेले पाहुणे कुणी घड्याळाच्या मनोऱ्याकडे बघतात, कुणी आतल्या संग्रहालयातल्या पेंढा भरलेल्या वाघांकडे, कुणी आवारातल्या हरणांकडे. मी मात्र भिंतीकडे बघत उभा राहतो. काळा दगड. वरपासून खालपर्यंत घडीव काळा दगड. 1884 साली काम पुरं झालं आणि तेव्हापासून आजतागायत या राजवाड्याला ‘यंदा दिवाळीला कलर काढायचा का?’ असं कुणी विचारलेलं नाही. राजवैभव म्हणतात ते हेच. हत्ती-घोडे काय, पैसे टाकले की मिळतात.

हा राजवाडा ज्यानं रेखला त्या मेजर चार्ल्स मँटची गोष्ट सांगतात ती मोठी करुण आहे. आपला टाऊन हॉलही त्याचाच. पुढं बडोद्याचा लक्ष्मी विलास राजवाडा हातात घेतला आणि आपलं गणित कुठंतरी चुकलंय, हे सगळं एक दिवस धाडकन खाली येणार, अशी धास्ती त्याच्या मनानं घेतली. त्यातच त्याचं डोकं फिरलं आणि 1881 साली तो गेला. इमारती अजून ठणठणीत उभ्या आहेत. ही गोष्ट ऐकून लोक हसतात. पण ज्यानं दोन गुंठ्यांत स्वतःचं घर बांधलंय तो हसत नाही. आणि मँटला काळजी तरी कशाची होती? फक्त कोसळण्याची. त्याला लॉन नव्हतं, कुंड्या नव्हत्या, गेटाजवळ जास्वंद नव्हती. त्याच्या छज्ज्यावर पिंपळ उगवला नव्हता. उगवला असता तर बिचारा आणखी चार वर्षं आधी गेला असता.

आमचं घर रंकाळ्याच्या पलीकडे, फुलेवाडीच्या अंगाला असलेल्या एका कॉलनीत आहे. गेट ते पायरी अंतर बारा फूट. घरात राहायला आम्ही चौघं. पण ते बारा फूट आणि वरची भिंत ही काही आमच्यासाठी नाही. आम्ही ती बघतो कधी? किल्ली सापडत नसली की. एरवी घराची पुढची बाजू ही संपूर्ण गावासाठी असते, तिचा खर्च आणि घरफाळा तेवढा आमच्याकडे. रस्त्यानं जाणारा कुठलाही माणूस दोन मिनिटं थांबून, मान तिरकी करून, आमच्या घराविषयी मत देऊ शकतो. कोल्हापुरात मत मागावं लागत नाही.

पावसाळ्यापासून सुरुवात करू, कारण आमच्या भिंतीची सुरुवात तिथूनच होते. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरातला माणूस दोनच प्रश्न विचारतो: राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले आणि राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर गेलं? 39 फुटांना इशारा पातळी, 43 ला धोका पातळी, हे इथल्या पोराला पाढ्यांच्या आधी येतं. 2019 ला आणि 2021 ला पाणी 55 फुटांच्याही वर गेलं, तेव्हा आमच्या घरात पाणी आलं नाही, पाहुणे आले. पण महापूर नसलेल्या वर्षीही आमच्याकडे एक पातळी चढतच असते. पश्चिमेच्या भिंतीवरच्या शेवाळाची. शेवाळ खिडकीच्या चौकटीला टेकलं की इशारा पातळी, छज्ज्याला भिडलं की धोका. आई सकाळी बाहेर जाऊन बघून येते आणि उत्तरेश्वर पेठेतल्या मावशीला फोन लावते.

“खिडकीच्या वर गेलंय गं.”

“आमच्याकडं कालपासनं स्थिर हाय,” मावशी सांगते.

ऑक्टोबरात ऊन पडतं, शेवाळ वाळून काळं होतं, त्याखालचा रंग पापुद्रे धरून सुटायला लागतो आणि बायको गेटात उभी राहून म्हणते, “लोक काय म्हणत असतील!” हा मुहूर्त. आता पेंटर.

आमचा पेंटर कलाकार माणूस आहे. म्हणजे सापडत नाही.

“कधी येताय?”

“आलोच की सर. जरा पाऊस उघडू दे.”

पाऊस उघडला.

“आता भिंत वाळू दे की. वल्या भिंतीवर मारला तर फुगतोय.”

भिंत वाळली.

“आता दिवाळीची घाई चाललीया सगळ्यांची. एवढी दिवाळी होऊन जाऊ दे.”

“अहो, दिवाळीसाठीच तर रंग काढायचाय!”

“ते ध्यानात आलं माझ्या. पर दिवाळी काय, दरसाल येतीया.”

त्या वर्षी दिवाळीत आम्ही पापुद्र्यांच्या भिंतीला आकाशकंदील लावला. पाडव्याला गवळी मंडळी म्हशी सजवून काढतात, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी कोल्हापूर अर्धंच पाहिलंय. शिंगांना रंग, वर मोरपिसं, गळ्यात कवड्यांच्या माळा, आणि मालकाच्या मोटारसायकलचा आवाज ऐकून तिच्यामागं पळणारी म्हैस. त्यातली एक मिरवणुकीतून फुटून आमच्या कॉलनीत आली, आमचं उघडं गेट बघून आत शिरली आणि ऐन बहरातली शेवंती शांतपणे खाऊ लागली. मी ओरडायला तोंड उघडलं, पण माझी नजर तिच्या शिंगांवर गेली. काय काम होतं! एकसारखा हात. कुठं ओघळ नाही, कुठं ब्रशचा केस चिकटलेला नाही. बुंध्याला गडद, टोकाकडं फिकट होत गेलेला रंग, आणि मधल्या पट्ट्याची कड सुतात.

मालक धापा टाकत आला. मी विचारलं, “शिंगं कुणी रंगवली हो?”

त्यानं अभिमानानं नाव सांगितलं. आमचाच पेंटर. “गेले तीन दिस आमच्याच गोठ्यात होता. लई मन लावून करतोय माणूस.”

दिवाळीनंतर पेंटर आला तो शेड कार्ड घेऊन. शेड कार्ड म्हणजे आठशे रंगांची एक पोथी असते आणि तीत प्रत्येक रंगाला एक इंग्रजी कविता जोडलेली असते. बायकोला ऑफ व्हाइट हवा होता, आईला पिस्ता, पोराला करडा, कारण पुण्यात त्याच्या मित्राच्या घराला करडा आहे. मी तीन जवळपास सारखे दिसणारे चौकोन दाखवून पेंटरला विचारलं, “यांत फरक काय?”

“काय न्हाई. नाव येगळं, रेट येगळा.”

2019 च्या लोकसभेला ‘आमचं ठरलंय’ या घोषणेनं सगळा जिल्हा दणाणून गेला होता. आमच्या घरात ती लग्नापासून चालू आहे. फक्त काय ठरलंय हे मला रंग लावून झाल्यावर कळतं. तर ऑफ व्हाइट ठरला. शेड कार्डावर नखाएवढा असताना तो मोठा सोज्वळ वाटत होता. भिंतीएवढा झाल्यावर, निवडून आलेल्या माणसासारखा, त्यानं स्वभाव बदलला. सकाळी पिवळट, दुपारी निळसर आणि संध्याकाळी ट्यूबलाइटच्या उजेडात आजारी.

फिरायला निघालेले समोरचे निवृत्त मास्तर थांबले. मान तिरकी.

“नवीन काढला होय?”

“हो.”

“आधीचा बरा होता.”

“आधीचा पिवळा?”

“छे छे. त्याच्या आधीचा.”

त्याच्या आधी नुसता गिलावा होता.

रंग पुरता वाळायच्या आत शाहू स्टेडियमवर फुटबॉलची फायनल झाली आणि आमच्या भागातल्या पोरांची तालीम जिंकली. कोल्हापुरात गुलालाचं काय सांगावं? चैत्र यात्रेला जोतिबाचा अख्खा डोंगर गुलाबी होतो तो भक्तीनं. उरलेलं वर्षभर आम्ही उरलेल्या कारणांनी होतो. मिरवणूक आमच्या दारावरून गेली. पुढं हलगी, मागं पोरं, आणि त्यांच्या मागं जी भिंत राहिली ती आमची. मी बाहेर आलो तेव्हा एक पोरगा दोन्ही हात कपाळाला लावून उभा होता. सगळा गुलाबी, फक्त दात पांढरे.

“काका, चुकून झालं. उद्या धुऊन देतो की!”

आणि शब्दाला जागली पोरं. दुसऱ्या दिवशी गाड्या धुवायच्या सेंटरवरचा प्रेशरचा पाइप घेऊन चार जण आले आणि त्यांनी भिंत इतक्या मनापासून धुतली की जो गुलाल ठिपक्याठिपक्यांनी होता तो सगळ्या भिंतीत सारखा मुरला. “आता बघा, एकसारखा झाला,” म्हणाले. पुढच्याच आठवड्यात मागच्या गल्लीतल्या एका गृहस्थांनी पेंटरला गाठून ही शेड कुठल्या नंबरची म्हणून विचारलं. पेंटरनं नंबर सांगितला. वर रेटही.

भिंतीचं एवढंच. आता खाली उतरू.

बागेला माळीमामा आहेत. बाग आमची आहे असं आम्हाला वाटतं, त्यांना तसं वाटत नाही. आल्याबरोबर खुरपं टेकवून, कमरेवर हात ठेवून ते एकदा सगळीकडे नजर फिरवतात आणि विचारतात, “ही कुंडी कुणी सरकवली?” आम्ही एकमेकांकडे बघतो. पोरगा परीक्षेचं निमित्त काढून आत जातो. त्यांचं शास्त्र सुटसुटीत आहे. पान पिवळं पडलं की पाणी जास्त झालं. सुकलं की पाणी कमी झालं. दोन्ही पानं एकाच झाडावर असली तर पाणी चुकीच्या वेळी घातलं. एकूण दोष पाण्याचा, आणि पाणी घालतो मी.

नर्सरीतून हौसेनं आणलेला मोठ्या पिवळ्या फुलांचा गुलाब दोन पावसाळ्यांनंतर एकाएकी उफाळून वाढला. वीतभर काटे, हात हातभर फांद्या. आम्ही सगळे खूश. मामांनी चहाची बशी खाली ठेवली आणि एक नजर टाकून सांगितलं, “तुमचा गुलाब मागंच मेला. हा खालचा खुंट हाय, रानातला. डोळा वर भरलेला असतोय, त्याच्या खालनं फुटवा आला की लगेच मोडायचा असतोय. न्हाईतर खुंटच सगळं खातोय.” आणि बशी उचलून पुढं म्हणाले, “पर ह्यो टिकणार बघा. काय न करता टिकतंय असलं.”

लॉनच्या बाबतीत तर मी तुकोबांशीही असहमत आहे. महापुरात मोठी झाडं जातात आणि लव्हाळा वाचतो म्हणून त्यांनी लव्हाळ्याच्या नम्रतेचं कौतुक केलं. तुकोबांच्या दारात लॉन नव्हतं. लव्हाळा नम्र वगैरे काही नसतो. वरचं पातं उपटलं की तो हसत हसत हातात येतो आणि खाली मातीत आपली गाठ ठेवून जातो. त्या गाठीतून पुन्हा कोंब, कोंबाला पुन्हा गाठी, गाठींची जमिनीखालून एकमेकींना दोरी. सहकारी तत्त्वावर चालणारं एवढं यशस्वी काम मी आमच्या जिल्ह्यातही पाहिलेलं नाही. कार्पेट लॉनचे ते हिरवे गादीसारखे तुकडे आम्ही चौरस फुटाच्या भावानं आणून अंथरले. वर्षात त्याखालून लव्हाळा, मधून हरळी आणि कडेनं काँग्रेस गवत. या काँग्रेस गवताची भारतातली पहिली नोंद 1950 च्या दशकातली, पुण्याची. परदेशी गव्हाबरोबर ते आलं असं म्हणतात. आईला हे मी सांगितलं तेव्हापासून ती ते दुप्पट जोरानं उपटते. गहू परदेशी होता याला तिची हरकत नाही. पुणे आडवं येतं.

पण आमच्या बागेचं खरं राज्य गेटाजवळच्या जास्वंदीचं आहे. गावठी, लाल, पाच पाकळ्यांची, गणपतीची. दिवसाला पंधरा-वीस फुलं येतात असं ऐकून आहे. आम्ही ती पाहिलेली नाहीत. पहाटे साडेपाचला गेट करकरतं, मग फांदी वाकल्याचा आवाज, मग एका पाठोपाठ एक टच टच टच. मागच्या गल्लीतल्या काकी. एका हातात प्लॅस्टिकची पिशवी, दुसऱ्या हातात आकडी लावलेली काठी. ‘कृपया फुले तोडू नयेत’ असा बोर्ड मी करून घेतला होता, चांगला पत्र्याचा. काकी त्याला पिशवी अडकवतात, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात.

एकदा धीर करून मी त्या वेळेला बाहेर गेलो.

“आलासा होय सर? बरं झालं. जरा ती वरची फांदी खाली धरा की. माझा हात पोचंना.”

मी धरली. काय करणार! त्यांनी सात-आठ फुलं उतरवून घेतली आणि म्हणाल्या, “अलीकडं फुलं लई बारकी यायलाग्ल्यात. खत घालताय का न्हाई?”

“घालतो की.”

“शेणखत घाला. ते पिशवीतलं पांढरं नका घालू, देवाची फुलं हाईत.”

मग जास्वंदीला पिठ्या ढेकूण लागला. कापसासारखे पांढरे पुंजके, कळ्या वाकड्या, खाली मुंग्यांची रांग. मामांच्या सल्ल्यानं मी निंबोळी तेल साबणाच्या पाण्यात कालवून संध्याकाळी फवारलं. दुसऱ्या दिवशी दुपारी काकी भर उन्हात तक्रार घेऊन दारात.

“काल काय मारलासा फुलांवर? देव्हाऱ्यात नुसता कडू वास सुटलाय. गणपतीला चालतंय होय असलं?”

“काकी, कीड पडली होती.”

“मारा की मग, मी कुठं नको म्हणतोय? पर मी फुलं नेल्यावर मारत जावा. सहाच्या पुढं.”

तेव्हापासून आम्ही सहाच्या पुढं फवारतो. संकष्टीच्या आदल्या दिवशी फवारतच नाही.

आता पिंपळ. हा विषय मी मुद्दाम मागं ठेवला होता.

पोर्चच्या स्लॅबला आणि छज्ज्याला जिथं सांधा आहे तिथं एक बारीकशी चीर होती. कुठल्यातरी पक्ष्यानं कुठल्यातरी पिंपळाचं फळ खाल्लं, आमच्या छज्ज्यावर बसून मोकळा झाला आणि उडून गेला. देवळं, वाडे, गडांचे बुरूज याच वाटेनं फुटतात, हे मला पुस्तकातून माहीत होतं: बी चिरेत पडतं, मूळ ओल शोधत आत जातं, जाडजूड होतं आणि दगडाला दगड सोडायला लावतं. गडाला शंभर वर्षं लागली असतील. आमचं बांधकाम कंत्राटी होतं. दोन कोवळी तांबूस पानं दिसली तेव्हा बायको म्हणाली, “किती गोड!” पुढच्या पावसाळ्यापर्यंत झाड पुरुषभर झालं.

गवंड्याला बोलावलं. त्यानं वर बघितलं, टोपी काढली.

“मालक, गिलावा फोडा म्हणा, फोडतो. भिंत पाडा म्हणा, पाडतो. सांगशीला तर सगळं घर उतरून देतो. पिंपळ न्हाई.”

“अहो, एवढंसं तर रोप आहे.”

“रोप बारकंच असतंय. मागं एकानं काढला, आठ दिसांत गाडी घसरली.”

“त्याची?”

“त्याची न्हवं, त्याच्या मेव्हण्याची. पर घसरली का न्हाई?”

पेंटरनं तर रंग काढताना पिंपळाच्या भोवतीनं इतक्या हळुवार हातानं ब्रश फिरवला होता की म्हशीची शिंगं आठवावीत. खालच्या एका पानाला थोडा ऑफ व्हाइट लागला होता तो त्यानं कापडानं पुसून घेतला आणि पानाला हात जोडले. माळीमामा म्हणाले, “उपटायचा नसतोय, काढायचा असतोय. मुळासकट अलगद काढून नदीकाठाला न्हाईतर देवळापाशी लावायचा.”

“मग काढा ना मामा. तुमच्याशिवाय कोण काढणार!”

“मी काढला असता. घरातनं नको म्हणतात.”

गुरुजींना फोन केला. त्यांनी मार्ग सांगितला: आधी दुसरीकडे एक पिंपळ लावायचा, तो जगवायचा, मग क्षमा मागून हा काढायचा, आणि काढायचा तो यजमानांनी स्वतः. यजमान म्हणजे मी. आता मी शिकला-सवरलेला माणूस आहे. अंधश्रद्धा या विषयावर मी व्याख्यानं दिलेली आहेत, एका ठिकाणी तर अध्यक्षीय समारोप केला होता. शाहू महाराजांच्या नगरीत असल्या गोष्टींना थारा असता कामा नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पण त्या रविवारी माझी कंबर धरली होती. पुढच्या रविवारी शिडी मिळाली नाही. त्यानंतर उन्हाळा आला आणि उन्हाळ्यात झाड काढणं हे शास्त्राच्या दृष्टीनं बरोबर नाही.

मध्यंतरी काकींना वर पिंपळ दिसला. शनिवारी पहाटे जास्वंद आटोपल्यावर त्या तांब्या घेऊन बाहेरच्या जिन्यानं सरळ गच्चीत गेल्या आणि कठड्यावरून वाकून त्यांनी पिंपळाला पाणी घातलं. त्यांचं बघून आणखी दोघी यायला लागल्या. कॉलनीच्या जवळपास दुसरा पिंपळ नाही, असं कळलं; आमची सोय झाली, म्हणजे त्यांची. एका शनिवारी बुंध्याला दोरा दिसला. पुढच्या शनिवारी खाली हॉलच्या छताला, बरोब्बर टीव्हीच्या वर, ओलीचा डाग उमटला. पहिल्यांदा तो करवीर तालुक्याएवढा होता. आता पन्हाळा, शाहूवाडी धरून गगनबावड्यापर्यंत गेलाय आणि तिथं पाऊसही तेवढाच आहे.

वॉटरप्रूफिंगवाला आला. छताकडे बघितलं, वर जाऊन बघितलं, खाली आला.

“झाड काढल्याबिगर काय उपयोग न्हाई, सर.”

“काढा मग.”

“आमचं काम केमिकलचं. झाडाचं न्हाई.” आणि जाता जाता, चपला घालून झाल्यावर, त्यानंही वर बघून हात जोडले.

अशा सगळ्या थाटात आमच्या कॉलनीच्या मंडळानं ‘सुंदर घर, सुंदर अंगण’ स्पर्धा जाहीर केली. गार्डन्स क्लबच्या पुष्पप्रदर्शनात ताटाएवढ्या डेलिया आणि गुलाब बघून येणाऱ्यांच्या अंगात जे संचारतं ते आमच्या अध्यक्षांच्या अंगात उतरलं होतं. स्पर्धेच्या आदल्या रात्री कॉलनीत कुणी झोपलं नाही. बॅटरीच्या उजेडात लोक कुंड्यांना गेरू लावत होते. एका घरी भाड्यानं आणलेल्या कुंड्या उतरत होत्या. ही बातमी आम्हाला कशी कळली, तर तो टेम्पो चुकून आमच्या दारात थांबला आणि बायकोनं दोन कुंड्या उतरवूनही घेतल्या होत्या.

परीक्षक शेती खात्यातून निवृत्त झालेले. आले, बसले, पोहे खाल्ले, चहा घेतला, डायबेटिस आहे म्हणून दुसरा बिनसाखरेचा घेतला. मग बाहेर येऊन त्यांनी गुलाबी भिंतीकडे बघितलं, लॉनकडे बघितलं, रानटी गुलाबात त्यांचं धोतर अडकलं ते आम्ही सोडवलं. मग त्यांची नजर वर गेली. बराच वेळ ते बघत राहिले.

“वा! जैवविविधता,” ते म्हणाले आणि वहीत काहीतरी लिहिलं.

पहिलं बक्षीस समोरच्या मास्तरांना मिळालं. त्यांनी दोन महिन्यांपूर्वीच सगळी माती काढून टाकून पेव्हर ब्लॉक घातले होते, त्यावर प्लॅस्टिकची हिरवळ अंथरली होती आणि कुंड्यांतून कापडी-प्लॅस्टिकची फुलझाडं मांडली होती. मास्तर रोज सकाळी त्यांवरून ओलं फडकं फिरवतात. अंगणात एकही वाळलेलं पान नाही आणि एकही किडकी कळी नाही, असं परीक्षकांनी भाषणात आवर्जून सांगितलं. आम्हाला उत्तेजनार्थ मिळालं. प्रमाणपत्र आणि, पर्यावरणाचा संदेश म्हणून, काळ्या पिशवीतलं एक रोप. घरी येऊन दिव्याखाली धरून बघितलं. पिंपळ.

“चला,” बायको म्हणाली, “गुरुजींनी सांगितलेला दुसरा पिंपळ आपोआप आला. आता हा कुठंतरी लावा, म्हणजे तो काढता येईल.”

तो लावायला जागा अजून सापडलेली नाही. ज्याला विचारावं तो म्हणतो, लावा की, पुण्याचं काम आहे. फक्त आमच्या भिंतीपासनं जरा लांब.

बक्षीस समारंभाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे गेट करकरलं नाही. फांदी वाकली नाही, टच टच झालं नाही. सवयीनं मला जाग आली आणि मी बाहेर जाऊन बघितलं तर जास्वंदीवर लालभडक फुलं तशीच. आयुष्यात पहिल्यांदा ती सगळी मला झाडावर दिसत होती. मी मोजायला सुरुवात करणार एवढ्यात समोरून काकी तणतणत आल्या. हातात चार टपोरी जास्वंदं.

“हे बघा सर, हे बघा! मास्तरांच्यातनं आणली अंधारात. म्हटलं बक्षीस मिळालंय म्हंजे फुलं मोठी असणार. घरी जाऊन तांब्यात घातली तर तरंगायलाग्ल्यात! बुडतच न्हाईत! प्लॅस्टिकची हाईत हो!”

“अरेरे,” मी म्हणालो.

“देवाच्या डोळ्यांत धूळ टाकायची म्हंजे काय? शिकलेलं माणूस असं कराय लागलं तर भरवसा कुणावर ठेवायचा? तुम्ही जरा सांगा त्यांना. तुमचं ऐकतील.”

मी सांगतो म्हणालो. काकींनी प्लॅस्टिकची फुलं आमच्या कठड्यावर ठेवून दिली, पिशवी बोर्डाला अडकवली आणि आकडी वर केली. मी न सांगता वरची फांदी खाली धरली. पिशवी भरल्यावर त्या गेटापर्यंत गेल्या, थांबल्या, आणि कडीकडे बोट दाखवून म्हणाल्या,

“आणि सर, ह्याला तेवढं तेल घाला बघू. पहाटे उघडताना लई वाजतंय. तुमची झोप मोडती, मलाच कसंतरी वाटतंय.”